कॉक अर्धा आवळल्याने दाब कमी होत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पाण्याबद्दलच्या वाचकपत्रांत बहुतेक वेळा एकच तक्रार असते: पाणी कमी दाबाने येते. ती रास्तच आहे. पण उंच इमारतींच्या खालच्या मजल्यांवर दुखणे नेमके उलटे असते आणि त्याची तक्रार कोणी करत नाही. शॉवर जोरात येतो म्हटल्यावर घरातले खूशच असतात. पुढे फ्लशची टाकी भरूनही वाहत राहते, गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह टपकू लागतो, नळांचे वॉशर टिकत नाहीत आणि घरात कोणी नसताना बेसिनखालचा कनेक्शन पाइप फुटतो. दर वेळी ती ती वस्तू बदलली जाते. या सगळ्यांमागे एकच कारण असू शकते, हे दाब मोजणारा गेज लावून पाहिल्याशिवाय कळत नाही.

हिशेब सोपा आहे. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब सुमारे १ बार भरतो. प्लंबर ज्याला ‘एक किलो’ म्हणतात तो जवळजवळ हाच. मजला ३ मीटरचा धरला, तर टाकीपासून खाली येताना दर मजल्याला ०.३ बारची भर पडते. टाकी २० मजले वर असेल तर तळमजल्याच्या नळामागे ६ बार उभे असतात. घरातल्या नळांना आणि शॉवरला २ ते ३ बार भरपूर झाले. अमेरिकेतल्या प्लंबिंग संहिता ८० पीएसआय, म्हणजे साधारण ५.५ बारच्या वर दाब असेल तर रेग्युलेटर, म्हणजे दाब उतरवून ठरलेल्या आकड्यावर धरून ठेवणारा व्हॉल्व्ह, सक्तीचा करतात. गच्चीवरच्या टाकीऐवजी प्रेशर पंपाने पाणी चढवले, तरी हिशेब बदलत नाही. वरच्या मजल्याला पुरेल असा दाब पंपाने दिला की तळाला त्यात सगळ्या उंचीची भर पडलेली असते.

अशा घरात बोलावलेला कारागीर बहुधा मेन कॉक अर्धा आवळून जातो. नळाची धार मऊ होते, सगळ्यांचे समाधान होते, आणि दाब मात्र होता तिथेच राहतो. अर्धवट कॉकमध्ये दाब खर्ची पडतो तो पाणी वाहत असतानाच. शेवटचा नळ बंद झाला, प्रवाह थांबला, की खर्चही थांबतो आणि कॉकच्या पलीकडे पुन्हा पूर्ण ६ बार उभे राहतात. पाइप, सांधे आणि वॉशर यांना दिवसाचे बहुतेक तास हाच दाब सोसावा लागतो. शिवाय बॉल व्हॉल्व्ह किंवा गेट व्हॉल्व्ह कायम अर्धवट उघडा ठेवला तर त्याची सीट (पाणी अडवणारा भाग जिथे टेकतो ती जागा) झिजते आणि खरी गरज पडते तेव्हा तो पुरता बंद होत नाही. हे कॉक पूर्ण उघडे किंवा पूर्ण बंद ठेवण्यासाठी असतात.

रेग्युलेटर वेगळ्या रीतीने काम करतो. पितळी अंगाच्या आत रबरी डायफ्रॅम असतो. त्याच्या वरून स्प्रिंग दाबत असते आणि खालून घराकडचे पाणी. डायफ्रॅमला जोडलेल्या दांड्याच्या टोकाला एक चकती असते. नळ उघडला की घराकडचा दाब उतरतो, स्प्रिंग जिंकते, चकती सीटपासून दूर होते आणि पाणी आत येते. नळ बंद केला की घराकडचा दाब चढत जातो आणि ठरलेल्या आकड्याला पोचला की डायफ्रॅमला वर ढकलून चकती सीटवर बसवतो. म्हणजे प्रवाह शून्य असतानाही हा दाब अडवून धरतो. कॉकला नेमके हेच जमत नाही. काही रेग्युलेटरांत डायफ्रॅमऐवजी पिस्टन असतो. तो दणकट असतो, पण क्षार जास्त असलेल्या पाण्यात अडकतो. घरासाठी डायफ्रॅमचाच घ्यावा, असे माझे मत.

तो घराच्या मुख्य जोडणीवर, स्टॉपकॉकनंतर आणि गीझरची शाखा फुटण्याच्या आधी बसवावा. नुसत्या थंड लाइनवर बसवला आणि गरम पाणी गच्चीवरच्या सोलरवरून वेगळ्या लाइनने येत असेल, तर गरम-थंड पाणी मिसळणाऱ्या मिक्सर नळात जास्त दाबाचे गरम पाणी थंड लाइनमध्ये घुसते. तिथे गरम पाण्यासाठी बनवलेला दुसरा रेग्युलेटर लागतो आणि दोन्ही एकाच आकड्यावर लावावे लागतात. रेग्युलेटरच्या दोन्ही बाजूंना बॉल व्हॉल्व्ह आणि युनियन (खोलता येणारा सांधा), आधी जाळीचा स्ट्रेनर, नंतर गेजसाठी एक टी (तीन तोंडांचा सांधा), एवढे हवेच. जोडण्यापूर्वी लाइन मोकळी सोडून बादलीभर पाणी वाहू द्यावे. नव्या पाइपातला प्लास्टिकचा कीस, वाळू आणि आट्यांवरून सुटलेले टेफ्लॉनचे धागे थेट सीटवर जाऊन बसतात. अंगावरचा बाण पाण्याच्या दिशेने आहे ना, हे पाहायला विसरू नये. पाइप मोठा आहे म्हणून रेग्युलेटरही मोठा घेऊ नका. एकच नळ चालू असताना मोठा रेग्युलेटर जेमतेम उघडतो आणि फडफडतो. माप प्रवाहावरून ठरवावे. येणारा दाब हव्या त्या दाबाच्या तिपटीहून जास्त असेल, तर एकामागे एक दोन बसवावेत. नाहीतर सीट झिजते आणि लाइन शिट्टी वाजवते.

रेग्युलेटर बहुधा कारखान्यातून ३ बारवर लावून येतो. हा आकडा बदलायचा असेल तर गीझर बंद करा, सगळे नळ बंद करा, लॉकनट सैल करा आणि वरचा स्क्रू पाव-पाव फेरीने फिरवा: घड्याळाच्या दिशेने दाब वाढतो, उलट कमी होतो. कमी करताना एक गोष्ट हमखास चुकते. स्क्रू सैल केला तरी गेजचा काटा हलत नाही, कारण आधीचा दाब लाइनमध्ये कोंडलेला असतो. मग माणूस स्क्रू आणखी फिरवतो. दर वेळी एक नळ उघडून बंद करावा आणि मगच आकडा वाचावा. नळ चालू असताना ३ चे २.५ दिसले तर तो दोष नाही, आकडा बंद नळावरचाच धरायचा. ६ बारचे ३ केले की त्याच नळाची धार सुमारे ७० टक्क्यांवर येते. मिनिटाला १२ लिटर सोडणारा नळ साडेआठ लिटरच्या आसपास सोडेल. पहिल्या आठवड्यात घरातून कुरकुर होईल, पण स्क्रूला हात लावू नये.

रेग्युलेटर बसवल्यावर गीझर गळू लागला, ही तक्रार वारंवार ऐकू येते आणि ती खोटी नसते. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६५ अंशांवर गेले की सुमारे ४०० मिलिलिटरने फुगते. आधी ही वाढ मुख्य लाइनमधून मागे टाकीकडे सरकत होती. आता रेग्युलेटर वाट अडवतो, पाणी दबत नाही, दाब भराभर चढतो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून टपकतो. फक्त पाणी तापताना टपकत असेल तर कारण हेच. दिवसरात्र टपकत असेल तर दाब जास्त आहे किंवा त्या व्हॉल्व्हमध्ये कचरा आहे. फुगवटा सामावून घेण्यासाठी आत हवा भरलेली छोटी एक्स्पान्शन टाकी बसवतात. एवढ्या गीझरला २ लिटरची पुरते. तिच्यातली हवा रेग्युलेटरच्या आकड्याएवढी, म्हणजे ३ बार, भरावी. गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमध्येच नॉन-रिटर्न (पाणी मागे जाऊ न देणारी झडप) असेल तर टाकी त्याच्या आणि गीझरच्या मध्ये हवी, नाहीतर ती नुसती शोभेची. टपकणारे तोंड बूच मारून बंद करणे मात्र जिवावर बेतेल असे काम आहे. ते कोणीही, एका रात्रीपुरतेही, करू नये.

गरम लाइनला जास्त जपायचे कारण पाइपातही आहे. एसडीआर ११ चा (बाहेरचा व्यास भिंतीच्या जाडीच्या ११ पट असलेला) सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्यासाठीचा प्लास्टिकचा, पाइप २३ अंशांवर २७ बारहून जास्त दाब पेलतो, ८२ अंशांवर जेमतेम ६.९ बार. थर्मोस्टॅट अडकलेला गीझर आणि ६ बारची लाइन हे एकत्र आले की हाताशी फारसे काही उरत नाही.

वॉशिंग मशीनचा व्हॉल्व्ह झटक्यात बंद होताना भिंतीत ठोका ऐकू येतो, त्यावर रेग्युलेटर हा पुरता उपाय नव्हे. धातूच्या पाइपात सेकंदाला १ मीटर वेगाने जाणारे पाणी एकदम थांबले, तर क्षणभर १२ बारपर्यंतची भर पडू शकते. दाब कमी केल्याने वेग उतरतो आणि ठोका सौम्य होतो. तो थांबवायला मशीनच्या नळाजवळ अरेस्टर, म्हणजे हा धक्का शोषून घेणारे साधन, लावावा लागतो.

रेग्युलेटर बिघडतो तेव्हा बहुधा गुपचूप बिघडतो. सीटवर कणभर वाळू अडकली की चकती पूर्ण बसत नाही आणि बंद नळामागे दाब हळूहळू चढत राहतो. दिवसा नळ सतत चालू-बंद असल्याने ते कळत नाही, रात्री सगळे थांबले की ६ बार जसेच्या तसे घरात शिरतात. तपासणी सोपी आहे. ० ते १० बारचा गेज रिड्यूसर लावून वॉशिंग मशीनच्या नळाला जोडा, गीझर बंद ठेवा (नाहीतर फुगवट्याचा दाब रेग्युलेटरच्या नावावर जाईल), आकडा लिहून घ्या आणि तासाभराने पुन्हा पाहा. ३ चे ३.२ झाले तर चालेल. काटा ४, ५ करत चढतोय असे दिसले तर रेग्युलेटर खोलून सीट आणि चकती साफ करावी, ओरखडा असेल तर आतला सेट बदलावा. स्प्रिंगच्या टोपीच्या भोकातून पाणी येत असेल तर डायफ्रॅम फाटला आहे. धारच बारीक झाली तर आधी जाळी पाहा, विशेषतः गच्चीवरची टाकी धुतल्यानंतरच्या आठवड्यात, कारण ढवळलेला गाळ तिथेच येऊन बसतो.

मोठ्या इमारतीत काही मजल्यांच्या गटाला मिळून एक रेग्युलेटर स्टेशन असते. तिथे समांतर दोन रेग्युलेटर हवेत, एक चालू आणि एक राखीव, आणि आधी व नंतर एकेक गेज हवा. चालू रेग्युलेटर बिघडला की गटातल्या सगळ्या घरांना एकाच रात्री पूर्ण दाब मिळतो, आणि सकाळी प्रत्येक जण आपापल्या नळाला दोष देतो. लिफ्ट आणि पंप यांच्या देखभालीचे करार होतात. त्यांतच दोन कलमे वाढवावीत, अशी इमारतींच्या व्यवस्थापनांना विनंती आहे: दोन्ही गेजचे आकडे पहाटे, वापर सुरू होण्यापूर्वी, दर आठवड्याला वहीत लिहायचे आणि दर सहा महिन्यांनी, तसेच टाकी धुतल्यावर लगेच, जाळ्या साफ करायच्या. घराचा ताबा देताना त्या मजल्यावरचा बंद नळावरचा दाब कागदावर लिहून द्यावा. आकडा ५ च्या वर असेल तर रेग्युलेटर भिंती-फरशा होण्याआधीच बसवता येतो.

आपला,
प्लंबिंग क्षेत्रातील एक वाचक