दीडशे रुपयांचा पाईप आणि आमच्या बिल्डिंगमधले काका

काका, नमस्कार.

तुम्ही मोबाईल फक्त फोन उचलायला वापरता हे माहितीये, म्हणून हे तुमच्या सूनबाईंनाच वाचून दाखवायला सांगितलंय. समोर येऊन थँक्यू म्हटलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून चहाचा विषय काढता, दोनदा झालं तसं, म्हणून आता लिहूनच टाकते आणि सगळ्यांसमोर लिहिते.

बाकीच्यांसाठी आधी थोडं मागचं. आमची मारुती एस्टीम गाडी २००४ ची, बाबांनी घेतलेली, आता मी चालवते. पावसाळा संपता संपता तिची रेस, म्हणजे एक्सलेटर न दाबता इंजिन फिरतं तो वेग, चढी राहायला लागली. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की काटा थोडा वर असतो ते ठीकच आहे, पण ही चांगली गरम झाली तरी मिनिटाला १८०० फेऱ्यांच्या खाली येईना, खरं तर गरम झाल्यावर ८०० च्या आसपास यायला पाहिजे. नळस्टॉपला सिग्नलला उभी राहिले की शेजारचा रिक्षावाला बघायचा, या बाईला कसली एवढी घाई म्हणून. पहिल्या गिअरमध्ये एक्सलेटरला पाय न लावता गाडी आपली आपण पळायची, ब्रेक दाबून दाबून पोटऱ्या भरून यायच्या, आणि एकदा कात्रजच्या जुन्या घाटातून उतरताना पाय काढला तरी इंजिन गाडीला धरून ठेवतच नाहीये हे कळलं तेव्हा मात्र माझी तंतरली.

दोन गॅरेज झाली, नावं घेत नाही. पहिल्याने थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारा भाग, साफ केली, दोन दिवस बरं वाटलं, बहुतेक मला वाटायला हवं होतं म्हणून वाटलं. दुसऱ्याने आयडल व्हॉल्वचा (एक्सलेटरवरून पाय काढल्यावर इंजिनला लागेल तेवढी हवा देतो तो) वायरचा प्लग काढून दाखवला, हे बघा मॅडम प्लग काढला तरी रेसमध्ये फरक नाही म्हणजे व्हॉल्व गेला, साडेआठ हजार होतील, आणि पार्ट मिळाला तर. डोळ्यासमोर दाखवल्यावर माणसाला पटतंच हो. मी ॲडव्हान्स द्यायच्या बेतात होते.

आणि त्या संध्याकाळी तुम्ही दुधाची पिशवी घेऊन पार्किंगमधून चालला होतात. बोनट उघडं होतं, तुम्ही थांबलात, आत बघितलंसुद्धा नाही, नुसतं ऐकलंत आणि म्हणालात, "ही कुठूनतरी हवा खातीये."

मला तेव्हा जरा हसू आलं होतं काका, आता कबूल करते. तुम्ही दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून रिटायर झालेले, आयुष्य डिझेलच्या बसखाली गेलेलं, आणि ही पेट्रोलची, कॉम्प्युटरवाली. ते तुम्ही ओळखलंत. म्हणालात आमच्या जुन्या डिझेल बसला हवा अडवणारं बटरफ्लाय, म्हणजे एक्सलेटरने उघडणारी झडप, नसायचं म्हणून तिथे हा त्रास नाही, पण बसच्या एअर ब्रेकची गळती शोधण्यात माझी तीस वर्षं गेली, तिथे हवा बाहेर पडते, इथे आत घुसते, एवढाच फरक.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, तुम्ही आधी पाना नाही, प्रश्न काढलेत. गरम असताना होतं की थंड असताना, हळूहळू वाढलं की एकदम, आणि शेवटचं कोणी हात लावला तेव्हा काय काय उघडलं होतं. हा शेवटचा प्रश्न मला दोन्ही गॅरेजमध्ये कोणी विचारला नव्हता. थ्रॉटल बॉडी उघडली होती म्हटल्यावर तुम्ही थेट एक्सलेटरच्या केबलला बोट लावलंत, ती वीणेच्या तारेसारखी ताणलेली! बसवताना नट जास्त आवळला होता, त्यामुळे पाय काढला तरी बटरफ्लाय पूर्ण मिटतच नव्हतं. दोन-तीन मिलीमीटर ढील दिलीत आणि काटा १५०० वर आला. मी टाळ्या वाजवायला लागले, तर तुम्ही म्हणालात थांब, हा गॅरेजचा आजार होता, गाडीचा वेगळाच आहे.

मग ती तळहाताची टेस्ट. ही सगळ्यांनी ऐकावी अशी आहे, फक्त ओढणी, केस, बाह्या सगळं फॅनपासून लांब ठेवा, काकांनी मला आधी ओढणी वर ठेवून यायला पाठवलं होतं. एअर फिल्टरकडून येणारा मोठा पाईप काढायचा आणि चालू इंजिनवर थ्रॉटलचं तोंड तळहाताने गच्च बंद करायचं. हवेला तेवढाच रस्ता असेल तर इंजिन गुदमरून बंद पडलं पाहिजे. आमचं बंद पडेना, धापा टाकत चालूच. "बघ, चोरवाट आहे," तुम्ही म्हणालात.

व्हॉल्वचं कोडंही तिथेच सुटलं. आत हवा जास्त येतीये म्हणून कॉम्प्युटरने तो व्हॉल्व आधीच पूर्ण मिटवून ठेवलेला, मग त्याचा प्लग काढा नाहीतर ठेवा, फरक पडणार कुठून? बिचारा आपलं काम इमानदारीने करत होता आणि त्यालाच साडेआठ हजारांत फाशी होणार होती. वर आपल्या गाडीत मॅप सेन्सर, तो मॅनिफोल्डमधलं प्रेशर मोजतो, चोरून आलेली हवाही त्याला हवाच दिसते, तो त्या हिशोबाने पेट्रोलही सोडायला लावतो, म्हणून गाडी अडखळत नाही, उलट रेस वाढवत बसते. हे तुम्ही मला बोनटवर बोटाने धुळीत चित्र काढून समजावलंत, ते चित्र मी आठवडाभर पुसलं नव्हतं.

त्यानंतर एकेक पाईप फडक्यात धरून पकडीने हलकेच दाबत गेलात. ब्रेक बूस्टरचा दाबला, काही नाही. आणखी एक बारका, काही नाही. मग इंजिनमधली वाफ परत आत ओढतो तो पीसीव्हीचा पाईप दाबलात आणि आवाज एकदम खाली बसला, ८५०! मला तर कानात दडे बसल्यासारखं झालं, इतकी सवय झाली होती त्या गुरगुरीची. नक्की कुठे ते बघायला साबणाचं पाणी ब्रशने लावलंत, व्हॉल्वजवळच्या वळणावर, खालच्या बाजूला, फेस गपकन आत ओढला गेला. वरून बघितलं तर पाईप ठणठणीत, खालून बोटभर चीर. रबर तापून तापून पापडासारखं कडक झालेलं. एका गॅरेजवाल्या पोराने गरम इंजिनवर पेट्रोल शिंपडून लीक शोधायचा प्रयत्न केला होता हे सांगितल्यावर तुम्ही जे काही बोललात ते इथे लिहीत नाही, पण बरोबर बोललात.

नाना पेठेत पाईप आणायला मी एकटीच गेले, जुना तुकडा पिशवीत घालून. तुम्ही बजावलं होतं की साधा पाण्याचा पाईप घेऊ नको, आतून ऑइलची वाफ जाते, फुगून मऊ पडेल, ऑइल चालणारा माग आणि आतलं भोक जुन्याशी लावून बघ. दुकानदाराने आधी साधाच पुढे केला, मी ऑइल चालणारा पाहिजे म्हटल्यावर त्याने मान वर करून बघितलं! दोन क्लॅम्प धरून दीडशे रुपये झाले. बसवल्यावर रेडिएटरचा फॅन एकदा फिरून थांबेपर्यंत गाडी चालू ठेवली, काटा ८०० वर येऊन टेकला, आणि तुम्ही परत एकदा तळहात लावलात तर दोन सेकंदात इंजिन गप.

एसी लावला की काटा थोडा चढतो, तो चढायलाच हवा, हे तुम्ही आधीच सांगून ठेवलंत ते बरं केलंत, नाहीतर मी रात्री बेल वाजवली असती.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, पेढे सूनबाईंकडे दिले ते तुमच्यापर्यंत शुगरमुळे पोचले नसणार. मग असं करूया, तुम्ही म्हणाला होतात ना की वर्कशॉपमधले जुने लोक दापोडीला भेटतात आणि तुम्हाला बसने जायला आता गुडघा देत नाही, तर या रविवारी नऊ वाजता मी खाली गाडी काढून ठेवते. काकूंनाही घ्या. आणि तुमची पकड माझ्या डिकीतच राहिलीये, ती तुम्ही तीन दिवस शोधताय असं कळलं, सॉरी, तीही तेव्हाच देते.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची एस्टीमवाली