'नाही' म्हणण्याची सोय कुठे आहे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ग्राहकाने पैसे मोजून घेतलेल्या मोबाइलवर त्याला न विचारता कंपन्या ज्या जाहिराती, चित्रफिती आणि अ‍ॅप्स घालतात, त्यांविषयी आपल्या वृत्तपत्रातून काही मांडावे असे बरेच दिवस मनात होते. गेल्या महिन्यात घरी घडलेल्या एका प्रसंगानंतर मात्र राहवले नाही.

माझी आई ७६ वर्षांची आहे. ठाण्यात चरईतल्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ती एकटी राहते. इमारतीला लिफ्ट नाही. गॅस सिलिंडर घरपोच देणाऱ्या माणसाला हल्ली मोबाइलवर आलेला कोड सांगावा लागतो. त्या दिवशी तो भरलेला सिलिंडर खांद्यावर घेऊन तीन जिने चढून आला आणि आईने कोड पाहण्यासाठी फोन हातात घेतला. बंद फोनच्या पडद्यावर एका नटीच्या लग्नाचे छायाचित्र होते आणि त्याखाली 'अधिक जाणून घ्या' असे लिहिलेले होते. फोन उघडण्यासाठी आईने नेहमीसारखा अंगठा वर सरकवला, तर छायाचित्रामागची चित्रफीतच उघडली आणि मोठ्या आवाजात सुरू झाली. ती बंद करायला गेली तर दुसरी लागली. तिचा हात थरथरू लागला, कोड सापडेना आणि तो माणूस बिचारा घाम पुसत दारात ताटकळला. शेवटी शेजारच्या मुलाने येऊन संदेश शोधून दिला. संध्याकाळी मी गेले तेव्हा आई अपराध्यासारखी म्हणाली, "अगं, मी काही दाबलं नव्हतं, ते आपोआपच आलं." तिचे म्हणणे शब्दशः खरे होते, आणि तरीही चूक आपलीच असे तिला वाटत होते, याचे मला अधिक वाईट वाटले.

त्या रविवारी मी तिचा फोन घेऊन बसले. लॉक स्क्रीनवर येणारी ही चित्रे बंद करण्याचे बटण सेटिंग्जमध्ये एकामागून एक पाच पाने उघडल्यावर सापडले. ते दाबल्यावर 'तुमची खात्री आहे का?' असा प्रश्न आला. त्याखाली 'सुरू ठेवा' हे शब्द ठळक निळ्या पट्टीवर होते आणि 'बंद करा' हे पुसट करड्या अक्षरांत कडेला होते. चष्मा लावूनही आईला ते दिसले नसते. मग अ‍ॅप्सची यादी काढली, तेव्हा तिने एकदाही न उघडलेली नऊ अ‍ॅप्स निघाली: दोन खेळ, दोन छोट्या चित्रफितींची, दोन खरेदीची, बातम्यांचे एक, हवामानाचे एक आणि झटपट कर्ज देणारे एक. काही फोनसोबतच आलेली होती, काही रात्री झालेल्या अपडेटनंतर येऊन बसली होती. त्यांपैकी चार काढून टाकता आली. उरलेल्या पाचांपुढे 'अनइन्स्टॉल' हा पर्यायच नव्हता, फक्त 'अक्षम करा' एवढेच होते. म्हणजे अ‍ॅप झोपते, पण अडवलेली जागा सोडत नाही. हा फोन ३२ जीबीचा आहे. नातीच्या स्नेहसंमेलनातल्या नाचाची चित्रफीत आईला पाहता आली नव्हती, कारण फोन 'जागा शिल्लक नाही' असे सांगत होता.

मी कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन केला. मला मिळालेले उत्तर असे होते की, फोन पहिल्यांदा सुरू करताना आपण अटी मान्य केलेल्या आहेत. हे ऐकल्यावर मला फोन घेतला तो दिवस आठवला. दिवाळीच्या आधीची संध्याकाळ होती, गोखले रोडवरच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. काउंटरमागच्या मुलाने खोके फोडले, सिमकार्ड घातले आणि एका हाताने स्क्रीनगार्डचे प्लॅस्टिक सोलत दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने 'सहमत', 'पुढे', 'सहमत', 'पुढे' असे दाबत दोन मिनिटांत फोन तयार करून दिला. आई तेव्हा पर्समधून नोटा मोजून काढत होती. त्या मुलाला मी दोष देत नाही, त्याच्यासमोर आणखी दहा गिऱ्हाईके खोळंबली होती. परंतु ज्या संमतीच्या आधारावर कंपनी आज आईच्या फोनवर वाटेल ते पाठवते, ती आईने दिलेलीच नाही. ठाण्यातल्या, किंबहुना कुठल्याही गावातल्या मोबाइलच्या दुकानात जाऊन पाहावे, हेच दिसेल.

केंद्राच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (म्हणजे डेटा) संरक्षण कायद्याने संमतीची व्याख्या चांगली केली आहे. संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी, ती स्पष्ट कृतीतून दिलेली असावी, ती मागणारा मजकूर इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याची सोय असावी आणि संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे, असे तो कायदा सांगतो. या कायद्यात व्यक्तीसाठी स्त्रीलिंगी सर्वनाम वापरलेले आहे. ते वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आईच उभी राहिली. अडचण अशी की, हा कायदा माणसाच्या माहितीपुरता आहे, त्याच्या फोनवर काय लादावे याबद्दल तो थेट बोलत नाही. शिवाय त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असले तरी मुख्य तरतुदी लागू व्हायला त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत आहे. तरीही संमती कशाला म्हणावे, हे संसदेने एकदा ठरवून दिले आहे, आणि माहिती घेण्यासाठी लागणारी संमती जाहिरात घुसवण्यासाठी मात्र लागू नये, याला काही तर्क नाही.

हा प्रश्न केवळ स्वस्त फोनचा किंवा केवळ जाहिरातींचा नाही. ९ सप्टेंबर २०१४ रोजी अ‍ॅपल कंपनीने यू टू या आयरिश बँडचा नवा अल्बम आयट्यून्स या आपल्या संगीतसेवेच्या सुमारे ५० कोटी ग्राहकांच्या संग्रहात परस्पर घातला. तो फुकट होता, त्याची किंमत कंपनीने स्वतः भरली होती, आणि तरीही जगभरातून एवढी नाराजी उमटली की, तो काढून टाकण्यासाठी आठवड्याभरात कंपनीला वेगळे पान तयार करावे लागले. बँडच्या गायकाने पुढे जाहीरपणे माफी मागितली. फुकट दिलेली वस्तूही न विचारता दिली तर ती लादलेलीच ठरते, हे त्या वेळी लोकांनी स्पष्ट सांगितले होते. कंपन्यांनी त्यातून धडा घेतलेला दिसत नाही.

आपल्याकडचे उदाहरण तर अधिक गंभीर आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये असंख्य भारतीयांना आपल्या फोनमधल्या संपर्कांच्या यादीत आधार प्राधिकरणाचा एक जुना मदत क्रमांक आढळला, जो त्यांनी स्वतः कधीच साठवलेला नव्हता. प्राधिकरणाने आपण असे काही करायला सांगितले नसल्याचे जाहीर केले. अखेर गूगलने कबूल केले की, २०१४ मध्ये भारतातल्या फोन कंपन्यांना दिलेल्या सेटअप प्रणालीत तो क्रमांक आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक आपल्या हातून अनवधानाने घातला गेला होता. कंपनीने चूक मान्य केली, हे ठीक झाले. पण चार वर्षे ती गोष्ट कोट्यवधी खिशांत पडून होती आणि एकाही खिशाच्या मालकाला तिचा पत्ता नव्हता. आपला फोन दुसऱ्या कुणाच्या हातात किती आहे, हे मला त्या प्रकरणातून कळले.

सरकारनेही यात वेगळे वागावे अशी अपेक्षा आहे. दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस 'संचार साथी' हे अ‍ॅप सर्व नव्या फोनमध्ये आधीपासून घालण्याचा आदेश काढला आणि देशभर टीका झाल्यावर ३ डिसेंबरला तो मागे घेतला. हरवलेला फोन बंद करण्यासाठी ते अ‍ॅप उपयोगी आहे, माझ्या फोनवर ते आहे, आणि ते मी स्वतः घेतले म्हणूनच मला त्याची अडचण वाटत नाही. पूर किंवा अतिवृष्टीचा इशारा सगळ्यांच्या फोनवर एकदम वाजवणारी यंत्रणा मात्र मी यात धरत नाही. तिच्या चाचण्या २०२३ मध्ये झाल्या तेव्हा लोक दचकले खरे, पण जिवाशी गाठ असेल तिथे परवानगीची वाट पाहता येत नाही. नटीच्या लग्नाला हा नियम लावता येणार नाही.

यावर कंपन्यांचे नेहमीचे म्हणणे असते की, जाहिरातींच्या उत्पन्नामुळे फोन स्वस्त मिळतो. तसे असेल तर ते खोक्यावर किमतीशेजारी छापावे. अ‍ॅमेझॉनने अमेरिकेत २०११ पासून आपले किंडल हे वाचनयंत्र जाहिरातींसह कमी किमतीला आणि जाहिरातींविना जास्त किमतीला विकायला सुरुवात केली. ज्याला जे परवडले ते त्याने घेतले. आमच्यापुढे असा पर्याय कुणी ठेवला असता तर आईसाठी मी आनंदाने काही शे रुपये जास्त दिले असते. किमतीत सूट नेमकी किती मिळाली हे सांगायचे नाही आणि सूट दिल्याचे कारण मात्र पुढे करायचे, हा व्यवहार सरळ नाही.

कायद्याचा आधार अगदीच नाही, असे नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न' रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली आणि ग्राहकाला फसवणारे किंवा कोंडीत पकडणारे तेरा प्रकार त्यात नोंदवले. सक्तीची कृती, बातमीच्या वेषातली जाहिरात, नको म्हटले तरी पुन्हा पुन्हा विचारत राहणे, आणि कंपनीला हवा तो पर्याय ठळक करून नको तो पुसट करणे, हे सगळे त्यात आहे. आईच्या फोनवर मला एका रविवारी त्यांतले हे चारही प्रकार दिसले. 'आता नको' आणि 'नंतर आठवण करा' हे दोनच पर्याय देऊन 'नाही' हा शब्दच पडद्यावर न ठेवण्याची जी पद्धत आहे, ती पुन्हा पुन्हा विचारण्याचाच प्रकार नव्हे तर काय? भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइड या गूगलच्या फोन-प्रणालीच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला आणि आधीपासून घातलेली गूगलची अ‍ॅप्स काढून टाकण्याची मुभा ग्राहकाला द्यावी असेही बजावले होते. अपिलीय न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये दंड कायम ठेवला, पण अ‍ॅप्स काढू देण्याचा तो निर्देश रद्द केला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. दंडाची रक्कम सरकारी तिजोरीत जाते. आईला उपयोगी पडला असता तो नेमका तोच निर्देश. युरोपीय संघात मात्र मार्च २०२४ पासून मोठ्या कंपन्यांना आधीपासून घातलेली अ‍ॅप्स सहज काढू देणे कायद्याने बंधनकारक आहे. तिथे जे शक्य झाले ते इथे का शक्य नाही, याचे उत्तर ग्राहक व्यवहार मंत्रालयाने द्यायला हवे.

माझी मागणी मोठी नाही. फोन चालण्यासाठी जे अत्यावश्यक नाही ते प्रत्येक अ‍ॅप काढता यावे. लॉक स्क्रीनवरचा मजकूर मुळात बंद असावा आणि ज्याला हवा असेल त्याने तो सुरू करावा. अपडेटच्या नावाखाली सुरक्षेच्या दुरुस्त्या आणि नवी अ‍ॅप्स एकत्र पाठवू नयेत, कारण त्यामुळे माणसे अपडेटच टाळू लागतात आणि मग फोन खरोखरच असुरक्षित होतो. प्रश्न मराठीत विचारावा, आणि ती मराठी माझ्या आईला कळेल अशी असावी; 'अक्षम करा' या शब्दांचा अर्थ तिने मला विचारला होता.

ठाण्यातल्या वाचकांना एवढेच कळवते की, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक मराठीतही तक्रार घेतो. ग्राहक आपल्या राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दाद मागू शकतो आणि वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर त्यासाठी शुल्क पडत नाही. मी आईच्या वतीने हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पडद्यांची छायाचित्रे आणि काढता न येणाऱ्या पाच अ‍ॅप्सची नावे सोबत दिली आहेत. कंपनीचे उत्तर आले की ते आपल्याला कळवीन.

आपली विश्वासू,
एक वाचक, ठाणे (पश्चिम)