आधी आम्हाला विचारायचं होतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आरोग्य कर्मचाऱ्यांनी मोबाईल ॲपवर चेहरा दाखवून हजेरी लावण्याची बातमी कालच्या अंकात वाचली. ‘कामचुकारांना चाप’ हा मथळा मनाला फार लागला. शेजारी एका उपकेंद्रातल्या रिकाम्या खुर्चीचा फोटो आहे. तो कोणत्या वारी काढला, ते मात्र लिहिलेलं नाही. लसीकरणाच्या सत्राच्या दिवशी माझीही खुर्ची रिकामीच असते, कारण मी तांड्यावर असते.

मी आरोग्य सेविका आहे. बालाघाटच्या डोंगरात एकोणीस वर्षं नोकरी झाली. हजेरीला माझा अजिबात विरोध नाही. पण डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असतं आणि ती माणसं काही उपकेंद्राच्या दारात राहत नाहीत. आमचं काम वाडी-तांड्यांवर, आणि हजेरी मात्र सकाळ-संध्याकाळ उपकेंद्राच्या आवारात उभं राहूनच लागणार. हे ठरवताना आमच्यापैकी एकीलाही कुणी विचारलं नाही.

दसऱ्यानंतरची गोष्ट सांगते. उपकेंद्रापासून चौदा किलोमीटरवरच्या तांड्यावर सत्र होतं. ड्यू लिस्टमधलं, म्हणजे लस द्यायची बाकी असलेल्या मुलांच्या यादीतलं, एक दहा महिन्यांचं लेकरू राहिलं होतं, गोवर-रुबेलाचा पहिला डोस. आई मुकादमाकडे उचलीच्या हिशोबाला गेलेली, ऊसतोडीची टोळी त्याच रात्री कारखान्याला निघणार. आशाताई म्हणाली, “सिस्टर, पाचपर्यंत येतीय ती, थांबा की.” गोवर-रुबेलाची वायल, म्हणजे लसीची कुपी, एकदा कालवली की चार तासांत वापरावी लागते, त्यामुळे सकाळची बाद झाली होती. पण एका लेकरासाठीसुद्धा नवी वायल उघडायची, हेच आम्हाला प्रशिक्षणात शिकवलंय. आधीच्या दिवसांत मी थांबलेच असते. पण त्या आठवड्यात एकदा हजेरी हुकून अर्धा दिवस कापला गेला होता. साडेचारला लसींचा कॅरियर बांधला, स्कूटी काढली आणि निघाले. उपकेंद्रात आले तर रेंज नाही. मोबाईल वर धरून आवारात फिरले, हजेरी लागली तेव्हा सहा वाजून गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तांड्यावर गेले. घराला कुलूप होतं आणि दारासमोर ट्रॅक्टरच्या चाकांच्या खुणा. ते नाव माझ्या यादीत अजून तसंच आहे.

मोबाईल माझा, रिचार्ज माझा, पेट्रोलही माझंच. त्यावरही कधीतरी एक बातमी छापा.

२९ फेब्रुवारी २०२० पासून सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा झाला. त्याआधी संघटनांनी तो कित्येक वर्षं मागितला होता, आणि देताना दवाखाने, शाळा, पोलीस वगळले, कारण प्रत्येकाचं काम वेगळं. म्हणजे कामाकडे बघून निर्णय घेता येतो. कारखान्यातल्या कामगाराच्या पाळीत बदल करायचा, तर २१ दिवस आधी नोटीस द्यायची तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातच होती. आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर आदल्या रात्री मेसेज आला, ‘उद्यापासून सक्तीचे’.

दर महिन्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात आमची बैठक होते. तिथे अर्धा तास काढून विचारलं असतं, तर आम्ही सगळ्यांनी एकच गोष्ट सांगितली असती: सत्राच्या दिवशी सत्राच्या ठिकाणाहून हजेरी लावू द्या आणि रेंज नसेल तिथे आशाताईची सही धरा. चार गावांत महिनाभर करून बघा, मग सगळीकडे लावा. अजूनही वेळ गेलेली नाही. ज्यांनी हे ॲप आणलं, त्यांनी पुढच्या बैठकीला यावं. मी ड्यू लिस्ट घेऊन येते.

आपली,
एक आरोग्य सेविका, मराठवाडा