माझ्या गाडीच्या किमतीविषयी

लोकमान्य नगर, इंदूर

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर तू जे सुचवलेस त्याला लगेच उत्तर न देता लिहून कळवते असे मी म्हणाले, कारण हा विषय आकड्यांचा आहे आणि आकडे फोनवर नीट पोहोचत नाहीत. तुझ्या लग्नाची बोलणी पूर्ण होईपर्यंत माझी दोन आसनी मर्सिडीज उज्जैनला मामाच्या घरी नेऊन ठेवावी, म्हणजे मुलीकडच्या, देवासच्या मंडळींच्या मनावरचे दडपण कमी होईल, असा तुझा विचार आहे. दडपण आले आहे हे खरे, आणि ते दूर झाले पाहिजे याविषयी आपल्यात मतभेद नाही. परंतु गाडी त्यांनी पाहिली आहे. पुढच्या भेटीत ती अंगणात दिसली नाही, तर ती दुसऱ्या बंगल्यात असेल, असाच तर्क ते करतील.

तुला बाबांनी कदाचित सगळे सांगितले नसेल. मंडळी परत गेल्यावर दोन दिवसांनी मुलीच्या वडिलांचा फोन आला. कार्यालय इंदूरचे घ्यायचे की देवासचे, असे विचारता विचारता ते म्हणाले की आपल्या इतमामाला शोभेल असे कार्य करून देण्याची त्यांची तयारी आहे आणि त्यासाठी देवासचा एक प्लॉट काढायचा विचार चालू आहे. आपण कसलीही मागणी केलेली नाही. हॉल, दागिने, मानपान यांपैकी एकही शब्द आपल्या तोंडून निघालेला नाही. तरीही निवृत्त शिक्षक असलेला एक गृहस्थ आपली जमीन विकायला निघाला, कारण त्याने आपल्या फाटकाच्या आत एक लाल गाडी पाहिली आणि तिची किंमत मनाशी ठरवली. त्या रात्री मला झोप लागली नाही. म्हणून ही किंमत कुठून येते आणि प्रत्यक्षात किती आहे, हे मी तुला सविस्तर लिहिते आहे, आणि तू हे पत्र जसेच्या तसे त्यांना वाचायला द्यावेस अशी माझी इच्छा आहे.

लोक जी किंमत गृहीत धरतात ती पहिल्या मालकाने मोजलेली असते. ही गाडी, एसएलके २००, जर्मनीत ब्रेमेन येथे बांधली गेली आणि २००९ मध्ये तयार अवस्थेत भारतात आली. त्या काळी अशा आयात गाडीवर मूळ सीमा शुल्कच ६० टक्के होते. त्यावर अतिरिक्त शुल्क, मग व्हॅट, मग आरटीओचा आजीवन कर. एखादी गाडी बंदरावर २५ लाखांची उतरली, असे समजण्यासाठी धरले, तर केवळ मूळ सीमा शुल्कापोटी १५ लाख रुपये सरकारजमा होत, आणि बाकीचे कर त्या फुगलेल्या रकमेवर लागत. म्हणजे त्या वेळच्या किमतीचा फार मोठा भाग गाडीच्या पोलादाचा किंवा इंजिनाचा नव्हताच, तो कराचा होता. आणि भरलेला कर पुढच्या खरेदीदाराकडून कोणाला वसूल करता येत नाही. उरलेल्या किमतीची घसरण पहिल्या काही वर्षांतच होते. दोन आसनांच्या, डिकी लहान असलेल्या, उघड्या छताच्या गाडीला जुन्या बाजारात गिऱ्हाईक फार थोडे, त्यामुळे ती आणखी वेगाने उतरते. मी २०१९ साली भोपाळच्या मालकाकडून ती घेतली तेव्हा ११ लाख रुपये दिले. ते पैसे माझ्या ग्रॅच्युइटीचे होते. तू पाठवलेले नव्हते, कर्जाचे नव्हते, आणि बाबांच्या पेन्शनला त्यासाठी हात लावलेला नव्हता. आपल्या ओळीत गेल्या दोन वर्षांत आलेल्या नव्या गाड्यांपैकी बहुतेक त्याहून महाग आहेत.

आता दरवर्षीचा खर्च. अठ्ठावीस वर्षे पॉलिटेक्निकमध्ये यंत्रशास्त्र शिकवल्यामुळे हिशेबाची वही ठेवण्याची सवय मला आहे आणि ही वहीसुद्धा त्यांना दाखवता येईल. विम्यातील तृतीय पक्षाचा हप्ता गाडीच्या नाममुद्रेवर ठरत नाही, इंजिनाच्या घनक्षमतेवर ठरतो. १५०० सीसीच्या वरच्या प्रत्येक खाजगी मोटारीला जून २०२२ पासून तो ७,८९७ रुपये आहे. माझे इंजिन १७९६ सीसीचे असल्यामुळे मलाही तेवढाच पडतो, आणि गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा धरून वर्षाला सुमारे २८,००० होतात. तेल आणि फिल्टर यांचे १२,००० होतात. चार टायर साधारण ४५,००० रुपयांचे आणि माझ्या वापरात ते पाच वर्षे पुरतात, म्हणून ९,००० रुपये. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर २०२४ मध्ये नायता मुंडला येथील आरटीओत तपासणी होऊन नोंदणीचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण झाले. आयात गाडीसाठी हे शुल्क तेव्हा, एप्रिल २०२२ च्या दराने, ४०,००० होते, म्हणजे वर्षाचे ८,००० झाले. गाडी वर्षात तीन हजार किलोमीटरच्या आसपास चालते, शहरात लिटरला नऊ-दहा किलोमीटर देते, तेव्हा पेट्रोलचे ३४,०००. याखेरीज दर महिन्याला ५,००० रुपये मी वेगळ्या खात्यात टाकते आणि त्याला हात लावत नाही. सगळे मिळून वर्षाला दीड लाख.

या पाच हजारांविषयी थोडे लिहायला हवे, कारण जुनी स्पोर्ट्स कार बाळगण्याचे खरे मर्म तिथे आहे आणि ज्यांना ते कळत नाही त्यांनी स्वस्त मिळते म्हणून अशी गाडी घेऊ नये. गाडीची विक्रीची किंमत उतरते, पण तिच्या भागांची किंमत उतरत नाही. अकरा लाखांच्या गाडीचे सुटे भाग नव्या मर्सिडीजच्याच भावाने मिळतात. सुदैवाने या गाडीचे इंजिन आणि पाच गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्स मर्सिडीजच्याच त्या पिढीच्या सी-क्लास गाडीतही वापरले गेले, आणि ती सी-क्लास पुण्यात जुळवली जात असल्यामुळे इथे पुष्कळ विकली गेली. त्यामुळे फिल्टर, प्लग, ब्रेकपॅड, इंजिनाचे सेन्सर या गोष्टी सहज मिळतात आणि त्या बदलणारे कारागीरही सापडतात. पुढचे टायर २०५/५५ आर १६ या मापाचे, स्कोडाच्या ऑक्टेव्हियाला लागतात तसलेच. पण छताची कथा वेगळी आहे. धातूचे छत दुमडून डिकीत जाते ते हायड्रॉलिक पंप आणि सिलिंडरांच्या जोरावर. त्यांच्या सीलमधून वयोमानाने तेल पाझरू लागते, आणि ते काम करणारा माणूस इंदुरात मिळाला तरी भाग बाहेरून मागवावे लागतात. छताच्या कडेची रबरी पट्टी, मागची काच, पुढचा दिवा हे केवळ याच गाडीचे. पुढचा एक दिवा फुटला तर वर्षाचा सगळा अंदाज कोलमडेल. म्हणून ते खाते. पावसाळ्याआधी छताच्या पन्हळींतला पालापाचोळा मी स्वतः काढते आणि रबराला ग्रीस लावते. गाडी कडुलिंबाखाली उभी करू नकोस असे मी तुला ओरडून सांगत असे, त्याचे कारण हेच होते.

दीड लाख हा आकडा मोठा वाटेल, आणि तो आहेही. परंतु त्याच्या शेजारी दुसरा एक आकडा ठेवून पाहा. विमा कंपन्या गाडीची घोषित किंमत ठरवताना घसाऱ्याचे जे कोष्टक वापरतात, त्यात गाडी एक वर्षाची होईपर्यंत १५ टक्के, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के वजावट आहे. म्हणजे १८ लाखांच्या नव्या एसयूव्हीतून पाच वर्षांत कागदोपत्री नऊ लाख निघून जातात. वर्षाला एक लाख ऐंशी हजार, तेही पेट्रोल, विमा आणि कर्जावरचे व्याज न धरता. या रकमेचे बिल कधी येत नाही, म्हणून ती कोणाच्या बोलण्यातही येत नाही. माझ्या गाडीला गेल्या दिवाळीत एकाने दहा लाख देऊ केले होते. सहा वर्षांत एक लाखाची घट. तिचा खर्च सगळा उघड आहे, वहीत लिहिता येतो, आणि म्हणूनच तो लोकांना जास्त वाटतो.

ही गाडी काटकसरीची आहे असे मी म्हणत नाही. काटकसरच करायची तर आपल्या वॅगन-आरमध्ये सगळे भागते. हा माझा शौक आहे, कमावलेल्या पैशातला आहे, आणि त्याला मर्यादा घातलेली आहे, एवढेच म्हणते. सुपरचार्जरमधून दाबलेली हवा घेऊन ते १८४ अश्वशक्तीचे इंजिन चढावर जे काम करते, ते वर्गात फळ्यावर आयुष्यभर शिकवले आणि साठीच्या उंबरठ्यावर स्वतःच्या पायाखाली अनुभवले, याचा आनंद मला आहे. मुलीचे काका म्हणाले की होळकरांच्या गावाला शोभणारी गाडी आहे, तेव्हा मला महाराजा यशवंतराव होळकर दुसरे यांची ड्युसेनबर्ग एसजे ही अमेरिकी गाडी आठवली, जिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंगने दोन आसनी बांधणी केली होती. तिलाही सुपरचार्जर होता, पण इंजिन ६.९ लिटरचे आणि सिलिंडर आठ. त्यांना मी हे सांगणार होते, पण तोवर बाबांनी पोहे आणले. आता वाटते की तेव्हाच सांगितले असते तर बरे झाले असते, कारण काकांच्या मनात संस्थानिकांची गाडी आणि निवृत्त अध्यापिकेची गाडी एका पंक्तीला बसली असावी.

इतरांच्या अंदाजाचा त्रास मला नवा नाही. गणेशोत्सवाची वर्गणी मागायला येणारी मुले आपल्या घरी पावतीपुस्तकाचे वेगळे पान उघडतात. नळाचे काम करणारा फाटकातून आत आला की आधी गाडीकडे पाहतो, मग भाव सांगतो. आत्याच्या नणंदेने तर तूच ती घेऊन दिलीस असे चार घरी सांगितले आहे, आणि बाईमाणसाने स्वतःच्या पैशातून स्वतःसाठी अशी वस्तू घेतली हे मान्य करण्यापेक्षा मुलाचे कौतुक करणे लोकांना सोपे जाते, हे मला दिसते. यांतले काहीही मी मनावर घेतले नाही. नळवाल्याशी घासाघीस करता येते, आत्याच्या नणंदेला पुन्हा सांगता येते. परंतु देवासच्या गृहस्थांचा प्लॉट गेला तर तो परत येणार नाही, आणि आपल्या सुनेला आयुष्यभर असे वाटत राहील की तिच्या वडिलांची जमीन आपल्या दारातल्या गाडीमुळे गेली. म्हणून या एका ठिकाणी मी गप्प राहणार नाही.

गाडी लपवावी असे तुला वाटले, त्यामागे तुझा संकोच आहे आणि तो मी समजते. पण लपवल्याने त्यांचा अंदाज तसाच राहील आणि त्यावर आपली अप्रत्यक्ष संमती पडेल. विकावी असेही तू हळूच म्हणालास. विकली तरी जे मिळेल ते दहा लाख, आणि मंडळींच्या मनातला आकडा कोटीच्या घरातच राहील. खरा आकडा सांगणे एवढाच मार्ग आहे, आणि तो सांगताना आपल्या घराचे उत्पन्न, बाबांची पेन्शन, या घराचे अजून फिटायचे असलेले कर्ज हेही सांगावे. मुलीने तुला विचारले तर तुझा पगारही सांग. लग्न नोंदणी पद्धतीने करावे आणि संध्याकाळी दोन्हीकडच्या जवळच्या माणसांचे जेवण व्हावे, त्याचा खर्च दोघांनी निम्मा निम्मा उचलावा, ही आमची इच्छा आहे. त्यांच्या मनात वैदिक विधी असेल तर तोही आपल्या घरासमोरच्या मोकळ्या जागेत करू. यासाठी प्लॉट विकण्याचे काही कारण नाही, हे बाबा आज संध्याकाळी त्यांना फोन करून सांगणार आहेत, पण आपल्या जावयाच्या तोंडून ते ऐकले तर त्यांना जास्त खात्री वाटेल.

पुढच्या रविवारी मुलीचे आईवडील पुन्हा येणार आहेत. गाडी नेहमीच्या जागीच असेल. खरेदीचा करार, विम्याची पॉलिसी, नूतनीकरणाची पावती आणि माझी वही असलेली निळी फाइल मी बैठकीत ठेवणार आहे. तिच्या वडिलांनी हो म्हटले तर त्यांना बायपासवरून एक फेरी मारून आणीन. तुझ्या सासूबाईंना पुढच्या आसनावर बसायचे असल्याचे मुलीने तुला सांगितले होते, हे तू मला सांगितलेस त्याचा मला फार आनंद झाला. त्यांनाही आणीन, आसन दुसरे एकच असल्यामुळे एकेकाला न्यावे लागेल.

तू शुक्रवारी रात्रीच निघ. येताना छताच्या रबराचे ग्रीस पुण्याहून घेऊन ये. मागच्या वेळी आणलेस तेच, सिलिकोनचे.

तुझी
आई