घरचा सर्व्हर आणि बंद दार

महोदय,

व्हॉल्व्ह कंपनीचा ‘काउंटर-स्ट्राइक २’ हा नेमबाजीचा खेळ २७ सप्टेंबर २०२३ रोजी आला, तेव्हा सायबर कॅफेत तासाला पैसे मोजून जुन्या ‘काउंटर-स्ट्राइक’मधल्या ‘डस्ट २’ या नकाशाच्या गल्ल्यांत वाढलेल्या आमच्या पिढीला (आता बहुतेकांची मुले शाळेत जातात) पुन्हा मिसरूड फुटल्यासारखे झाले. खेळ विनामूल्य आहेच. मला अधिक भुरळ पडली ती त्याचा सर्व्हर, म्हणजे सगळे खेळाडू ज्याला जोडले जातात तो यजमान, आपल्याच यंत्रावर चालवता येतो याची. जुन्या संगणकावर ‘स्टीमसीएमडी’ या व्हॉल्व्हच्याच फायली उतरवण्याच्या साधनाने रात्रभर फायली उतरवल्या आणि पहाटे काळ्या पडद्यावर नकाशा चढल्याची ओळ उमटली, तेव्हा घरच्यांना उठवण्याचा मोह कसाबसा आवरला.

पुढची कथा मात्र रडकी आहे. राउटरवर २७०१५ क्रमांकाचे पोर्ट (बाहेरून सर्व्हरकडे येण्याची वाट) उघडूनही शेजारच्या गावातील मित्र काही आत येईना. आमचा इंटरनेट पुरवठादार अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक आयपी पत्त्यामागे बसवतो, म्हणजे वाड्याला दार एकच आणि बाहेरून आलेला पाहुणा कोणत्या बिऱ्हाडाचा हे दारावरच्याला ठाऊक नाही, एवढे कळायला मला तीन फोन करावे लागले. स्वतंत्र पत्ता हवा असेल तर व्यावसायिक जोडणी घ्या, असे उत्तर मिळाले. वेगाची जाहिरात मोठ्या अक्षरांत करणाऱ्या पुरवठादारांनी ही मर्यादाही अर्जावर तितक्याच ठळकपणे छापावी आणि घरगुती ग्राहकाला वाजवी दरात सार्वजनिक पत्ता द्यावा, अशी मागणी मी आपल्या पत्राद्वारे करीत आहे.

– एक वाचक, कराड