बाबा, ती हुरहुर आता सोडा

प्रिय आई आणि बाबा,

रविवारी फोन स्पीकरवर होता. तुम्ही नातीला सांगत होतात, "तुझ्या आईला आम्ही त्या मोठ्या कॉलेजात घालू शकलो नाही, तुझ्या बाबतीत तसं व्हायला नको." मी शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. हात जागच्या जागी थांबले. बाबा, इतकी वर्षं हे तुमच्या मनात आहे, हे मला खरंच माहीत नव्हतं. फोनवर बोलायला गेले तर तुम्ही विषय बदलाल, म्हणून लिहिते आहे.

आधी माझी चूक कबूल करते. नाववालं कॉलेज लांब, तिथे राहायचा खर्च न झेपणारा, म्हणून जवळच्या साध्या कॉलेजात प्रवेश घेतला आणि पहिलं वर्ष मी रागात घालवलं. शेवटचा तास संपला की थेट घर. कुणाशी बोलणं नाही, ग्रंथालयाची पायरी चढले नाही. आई, तू रोज विचारायचीस, "कुणी मैत्रीण झाली का गं?" मी उत्तर न देता आत निघून जायचे. तुझा तो चेहरा अजून आठवतो. त्याबद्दल माफी मागायची राहून गेली होती.

दुसऱ्या वर्षी एका प्रॅक्टिकलमध्ये माझं गणित काही केल्या जुळेना. बाई म्हणाल्या, "तास झाल्यावर स्टाफरूममध्ये ये." घाबरतच गेले. त्या पाऊण तास माझ्याबरोबर बसल्या. उत्तर सांगितलं नाही, कुठे चुकतंय ते माझ्याकडूनच शोधून घेतलं. निघताना म्हणाल्या, "आवारातल्या विहिरीची पातळी वर्षभर रोज मोजशील?" मग दोरी, तिच्या टोकाला वजन आणि एक वही. सुट्टीच्या दिवशीसुद्धा. जोराचा पाऊस पडला तरी त्या विहिरीचं पाणी लगेच चढत नाही, मध्ये काही दिवस जातात, हे मी पुस्तकात वाचण्याआधी माझ्याच आकड्यांत पाहिलं. आज भूजलाचं काम करते ते त्या वहीमुळे. आमच्या वर्गात आम्ही 22 जण होतो. नाववाल्या कॉलेजात गेलेली माझी मैत्रीण दीडशे जणांच्या वर्गात बसायची, आणि तिसरं वर्ष आलं तरी तिथल्या एकाही सरांना तिचं नाव माहीत नव्हतं.

ही फक्त माझ्या नशिबाची गोष्ट आहे असं वाटेल. पण गॅलप ही सर्वेक्षण करणारी संस्था आणि पर्ड्यू विद्यापीठ यांनी 2014 मध्ये अमेरिकेतल्या 30 हजारांहून अधिक पदवीधरांची पाहणी केली. कॉलेज सरकारी की खासगी, याने पुढे कामात मन रमण्यावर फारसा फरक पडलेला दिसला नाही. पण आपुलकीने वागणारे शिक्षक, विषयाची गोडी लावणारे शिक्षक आणि पाठीशी उभा राहणारा मार्गदर्शक, हे ज्यांना मिळालं त्यांचं कामात मन रमण्याची शक्यता दुपटीने जास्त होती. तिन्ही मिळालेले जेमतेम 14 टक्के. मी त्यांतली आहे, बाबा.

तुमच्यापासून काही लपवणार नाही. स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी 2002 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सारख्याच कॉलेजांत निवड झालेली, पण त्यांतल्या कमी नावाजलेल्या कॉलेजात गेलेली मुलं त्यांनी नामांकित कॉलेजात गेलेल्यांशी ताडून पाहिली. पुढच्या कमाईत सरासरी फरक जवळजवळ नव्हता. मात्र बेताच्या परिस्थितीतल्या मुलांना नामांकित कॉलेजचा फायदा झालेला दिसला. म्हणजे तुमची काळजी उगाच नव्हती. आपलं घर तसंच होतं, आणि तुम्हाला ते तेव्हाच कळलं होतं. पण दार उघडून देणारं माणूस मला त्या साध्या कॉलेजातच भेटलं.

आणि घरी तुम्ही होतात. रात्री जेवणं झाली की तुमचा एकच प्रश्न, "पुस्तक मिट, आज काय शिकलीस ते सांग." मला त्याचा कंटाळा यायचा. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये नेमकं हेच तपासलं. उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं. आठवड्याने मात्र त्यांच्या लक्षात 42 टक्के उरलं, आणि न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात 56 टक्के. वाचताना मला तुमचाच आवाज ऐकू आला.

तुमची नात सध्या कॉलेजांच्या क्रमवारीचे तक्ते घेऊन बसते. मी तिला अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाचं उदाहरण दिलं. तिथल्याच गणिताच्या एका प्राध्यापकांनी 2022 मध्ये विद्यापीठाने दिलेल्या आकड्यांवर शंका घेतली, आणि त्याच वर्षी एका प्रसिद्ध यादीत ते दुसऱ्या क्रमांकावरून अठराव्यावर आलं. एका वर्षात शिकवणं काही इतकं बिघडत नाही. तिने मग स्वतःचे प्रश्न काढले. पहिल्या वर्षाला कायमचे प्राध्यापक शिकवतात की दर सत्राला बदलणारे? प्रयोगशाळा तासांनंतर उघडी असते का? विषय झेपला नाही तर बदलता येतो का? किती जण मध्येच सोडून जातात? हे सगळं तिला ऑफिसच्या खिडकीवर विचारायचं नाही, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारायचं आहे. हे मला सतराव्या वर्षी सुचलं नव्हतं.

येत्या शनिवारी एका कॉलेजात वर्गात बसून बघायची परवानगी तिला मिळाली आहे. आजी-आजोबांनी बरोबर यावं असा तिचा हट्ट आहे, आणि माझाही. आई, तू मुलींशी बोल, तुला त्या खरं सांगतील. बाबा, विहिरीची ती वही तुमच्या कपाटात वरच्या खणात असेल. येताना आठवणीने आणा, तिला बघायची आहे.

तुमची,
लेक