त्या चोवीस बाइटांबद्दल

सप्रेम नमस्कार,

आमच्या डेटा अ‍ॅक्विझिशन कार्डाच्या लिनक्स ड्रायव्हरमध्ये नवा आयऑक्टल (प्रोग्रामने ड्रायव्हरला क्रमांकाने आज्ञा देण्याचा सिस्टम कॉल) घालणारा पॅच, म्हणजे कोडमधला बदल, तुम्ही ओळ न् ओळ तपासलात, त्याबद्दल हे जाहीर आभार. तुम्ही दाखवलेल्या चुका कुठल्याही ड्रायव्हरमध्ये होऊ शकतात, म्हणून त्या कारणांसह इथे मांडतो आहोत. कर्नलच्या आतला कोड पुढच्या रिलीजला बदलता येतो. यूएपीआय हेडरमधला (प्रोग्रामांसाठी उघड केलेल्या व्याख्यांच्या फाइलमधला) स्ट्रक्ट, म्हणजे फील्डांचा ठरलेला गट, एकदा रिलीज झाला आणि कोणाचा प्रोग्राम त्यावर चालू लागला, की त्याला हात लावता येत नाही. तुमचा प्रत्येक शेरा हे ध्यानात ठेवून लिहिलेला होता.

सर्वांत मोलाचा शेरा स्ट्रक्टच्या मांडणीवरचा. मूळ क्रम असा होता: यू३२ चॅनेल, यू६४ बफरचा पत्ता, यू३२ लांबी (यू३२ म्हणजे ३२ बिटांची, ४ बाइटांची बिनचिन्ही संख्या; यू६४ ८ बाइटांची, यू८ एका बाइटाची). एक्स८६-६४ (६४-बिट पीसी) वर यू६४ ला ८ बाइटांचे अलाइनमेंट लागते, म्हणजे तो ८ च्या पटीतल्या जागीच सुरू होतो. त्यामुळे चॅनेलनंतर ४ बाइट रिकामे राहतात, शेवटी आणखी ४, आणि एकूण आकार २४ होतो. आय३८६ (३२-बिट पीसी) वर त्याच यू६४ ला स्ट्रक्टमध्ये ४ चे अलाइनमेंट पुरते, म्हणून तिथे आकार १६. आयऑक्टलच्या क्रमांकातच स्ट्रक्टचा आकार गुंफलेला असतो (बहुतेक आर्किटेक्चरवर १४ बिट). त्यामुळे ३२-बिट प्रोग्रामने ६४-बिट कर्नलला दिलेला क्रमांक वेगळाच निघतो आणि हाती ईनोटीटीवाय (‘हा आयऑक्टल इथे नाही’ अशी एरर) येतो. यात खरी गोम तुम्ही दाखवलीत: ३२-बिट आर्मवर यू६४ ला ८ चेच अलाइनमेंट असल्याने तिथली चाचणी बिनबोभाट पास होते. ‘३२-बिटवर तपासले’ एवढे म्हणणे म्हणूनच पुरेसे नाही, आय३८६ वर तपासावे लागते.

त्यापुढे तुम्ही जे लिहिलेत ते प्रत्येक ड्रायव्हर लिहिणाऱ्याने वाचावे असे आहे. क्रमांक आकाराविना, साध्या ‘_आयओ’ मॅक्रोने बनवला असता तर एररही आली नसती. आय३८६ चा प्रोग्राम पत्ता ४ ते ११ या बाइटांत ठेवतो आणि लांबी १२ व्या बाइटापासून. कर्नल मात्र पत्ता ८ ते १५ मधून उचलतो. म्हणजे पत्त्याचा वरचा, शून्य असलेला अर्धा भाग खालचा अर्धा बनतो आणि लांबी त्याच्या डोक्यावर बसते. लांबी तर कर्नल १६ व्या बाइटापासून, म्हणजे प्रोग्रामच्या स्ट्रक्टबाहेरूनच वाचतो. एवढे बाइट मोजून दाखवणारा रिव्ह्यू क्वचित मिळतो.

तुम्ही सुचवलेली मांडणी आता अशी आहे: आधी यू६४ पत्ता, मग यू३२ चॅनेल, यू३२ लांबी, यू३२ फ्लॅग्ज, यू३२ राखीव. सगळीकडे २४ बाइट, मध्ये पोकळी नाही, ३२-बिट प्रोग्रामांसाठी वेगळा कॉम्पॅट कोड नाही. ड्रायव्हरच्या सी फाइलमध्ये आकार २४ असल्याचा स्टॅटिक असर्ट (कंपाइल करतानाच होणारी तपासणी) घातला आहे. डीबग माहितीसह बांधलेल्या ऑब्जेक्ट फाइलवर पाहोल (स्ट्रक्टची मांडणी दाखवणारे साधन) चालवून पोकळ्या बघायची तुमची सूचना आता पॅच पाठवण्याआधीच्या यादीत आहे.

पत्ता यू६४ मध्ये ठेवण्याचा सल्ला सगळेच देतात. त्यासोबतचा धोका मात्र फक्त तुम्ही लिहिलात. ३२-बिट प्रोग्राममध्ये पॉइंटर (पत्ता) थेट यू६४ मध्ये कास्ट केला, म्हणजे त्या प्रकारात बदलला, तर जीसीसी हा कंपायलर तो साइन-एक्स्टेंड करतो, म्हणजे सर्वांत वरचा बिट पुढच्या ३२ बिटांत भरतो. २ जीबीच्या वरचा पत्ता असेल तर वरचे ३२ बिट सगळे १ होतात आणि ६४-बिट कर्नल ईफॉल्ट (‘पत्ता चुकीचा’ ही एरर) देतो. मॅलॉकने (मेमरी मागण्याच्या सी फंक्शनने) घेतलेला छोटा बफर सहसा खालच्या पत्त्यावर असतो, म्हणून तो चालतो. ग्लिबसी या सी लायब्ररीत मूळ सेटिंगनुसार १२८ केबीपासूनची मागणी एममॅपकडे (कर्नलकडून थेट मेमरी घेणाऱ्या कॉलकडे) जाते, पत्ता वर जातो आणि तोच प्रोग्राम मोडतो. ‘मोठ्या बफरलाच बिघडते’ अशी तक्रार आली की लोक ड्रायव्हरच्या डीएमएमध्ये (कार्ड मेमरीत थेट लिहिते त्या भागात) चूक शोधत बसतात. उपाय एका ओळीचा आहे: आधी यूइंटपीटीआर_टी (पॉइंटरएवढ्याच आकाराची बिनचिन्ही संख्या) मध्ये कास्ट, मग यू६४ मध्ये. हेडरच्या कॉमेंटमध्ये हे आता लिहिले आहे.

फ्लॅग्ज आणि राखीव फील्ड ठेवून कर्नलने त्यांच्याकडे पाहायचेच नाही, ही आमची चूक तुम्ही ठामपणे नाकारलीत आणि ते योग्यच होते. आज न तपासलेल्या जागेत प्रोग्राम स्टॅकवरचा कचरा पाठवतात. उद्या त्याच बिटला अर्थ दिला की ते प्रोग्राम मोडतात, म्हणजे ती जागा कायमची वाया गेली. फाइल उघडणाऱ्या ओपन या सिस्टम कॉलने अनोळखी फ्लॅग्ज मुकाट्याने सोडून दिले. त्याची किंमत २०१३ मध्ये ३.११ कर्नलात ओ_टीएमपीफाइल (बिननावाची तात्पुरती फाइल उघडण्याचा फ्लॅग) आणताना मोजावी लागली: जुन्या कर्नलवर तो कॉल हमखास फसावा म्हणून त्यात ओ_डिरेक्टरीचा बिट मिसळावा लागला. अनोळखी फ्लॅग नाकारणारा ओपनअ‍ॅट२ आला तो २०२० मध्ये, ५.६ ला. फाइलच्या परवानग्या बदलणाऱ्या एफसीएचमोडअ‍ॅटच्या सिस्टम कॉलला फ्लॅग्जची जागाच नव्हती, म्हणून २०२३ च्या ६.६ मध्ये एफसीएचमोडअ‍ॅट२ आणावा लागला. आता आमच्या ड्रायव्हरमध्ये अनोळखी फ्लॅग किंवा शून्य नसलेले राखीव फील्ड आले की ईइनव्हॅल (‘आर्ग्युमेंट चुकीचे’ ही एरर).

आयऑक्टलचा क्रमांकच अनोळखी असेल तर आम्ही तिथेही ईइनव्हॅल देत होतो. ‘कर्नल जुना आहे की माझे आर्ग्युमेंट चुकले, हे प्रोग्रामने ओळखायचे कसे?’ हा तुमचा प्रश्न बिनतोड होता. ते आता ईनोटीटीवाय केले आहे.

स्थिती परत देणाऱ्या दुसऱ्या स्ट्रक्टमध्ये यू८ नंतर यू३२ होता, म्हणजे मध्ये ३ बाइटांची पोकळी. घोषणेच्या ओळीत शून्याने इनिशियलाइज केल्यावर पॅडिंग (अशी पोकळी) शून्य होईलच याची सी भाषा सर्वसाधारणपणे हमी देत नाही. दर कॉलमागे कर्नल स्टॅकचे ३ बाइट बाहेर जाऊ शकत होते. स्टॅक आपोआप शून्य करणारा कॉन्फिग पर्याय चालू असलेल्या मशीनवर हे दिसत नाही, म्हणून तर ते अधिक घातक. आता यू८ चा यू३२ केला आहे आणि वर सगळा स्ट्रक्ट शून्य करणारा मेमसेटही आहे.

लांबी युजरस्पेसमधून दोनदा वाचली जात होती. तेवढ्यात दुसरा थ्रेड ती वाढवू शकला असता. आता एकदाच कॉपी करतो आणि त्याच प्रतीवर चालतो. वेळेसाठी टाइमस्पेक या सेकंद-नॅनोसेकंदांच्या स्ट्रक्टऐवजी नॅनोसेकंदांचा यू६४ घेतला, त्यामुळे २०३८ चा (३२-बिट सेकंदांची मोजणी त्या वर्षी संपण्याचा) प्रश्न इथे उरला नाही.

एका ठिकाणी आमचे मत अजून वेगळे आहे. स्ट्रक्टमध्ये आकाराचे फील्ड ठेवून कर्नलचे कॉपी_स्ट्रक्ट_फ्रॉम_युजर हे फंक्शन वापरावे असे तुम्ही सुचवले होते. प्रोग्रामचा स्ट्रक्ट लहान असेल तर उरलेला भाग शून्य धरायचा, मोठा असेल आणि जादा बाइट शून्य नसतील तर ई२बिग ही एरर, ही पद्धत सिस्टम कॉलसाठी उत्तमच आहे. पण आयऑक्टलच्या क्रमांकात आकार आधीच आहे, त्यामुळे वाढ करायची झाली तर नवा क्रमांक घेणे आम्हाला सोपे वाटते. तुम्ही हे कारण ऐकून घेतलेत आणि कमिट मेसेजमध्ये नोंदवायला सांगितलेत. ते नोंदवले आहे.

पॅचच्या पाचव्या आवृत्तीसोबत सेल्फटेस्ट (चाचणीचा प्रोग्राम) ही जाईल. तो एकदा ६४-बिट आणि एकदा -एम३२ ने, म्हणजे ३२-बिट, बांधायचा. राखीव फील्डमध्ये १ ठेवून ईइनव्हॅल, फ्लॅग्जचे सगळे बिट १ करून ईइनव्हॅल, नसलेला क्रमांक देऊन ईनोटीटीवाय, आणि ३२-बिटमध्ये १ एमबीचा बफर देऊन यश. ही शेवटची चाचणी सर्वस्वी तुमच्यामुळे आहे.

तुम्ही पॅच तपासल्याची ‘रिव्ह्यूड-बाय’ ही ओळ तुमच्या होकाराशिवाय घालणार नाही. घालता आली तर आनंद होईल.

आपले कृतज्ञ,
ड्रायव्हरचे काम पाहणारे आम्ही सगळे